ग्रँट रोड ते परळ: जुनी नाटकगृहं, थेटरं आणि त्यांच्या उरलेल्या खुणा

तिसरी घंटा

मुंबईतल्या जुन्या थेटरांबद्दल काही वाचायला घेतलं की पहिला घोळ नावांचा. एका जागेवर तीन-चार नावं होऊन गेलेली, एकच नाव दोन जागी फिरलेलं, आणि रस्त्यांची नावं अशी बदललीत की जुन्या जाहिरातीवरचा पत्ता आज टॅक्सीवाल्याला दाखवून उपयोग नाही. म्हणून या धाग्यात आधी जागा, मग नाव असा क्रम ठेवू या.

सुरुवात मी करतो.

ग्रँट रोड थिएटर, १८४६. त्याआधी कोटात, आज हॉर्निमन सर्कल आहे त्या मैदानावर गोऱ्यांचं थिएटर होतं. ते कर्जात बुडालं आणि विकावं लागलं. नव्या थिएटरला जमीन दिली जगन्नाथ शंकरशेटांनी. पण ग्रँट रोड तेव्हा गावाबाहेर. रात्री बग्गी जोडून कोटातून एवढ्या लांब यायचं साहेबांच्या जिवावर येई. थिएटर रिकामं पडू लागलं, तसं ते देशी मंडळ्यांना भाड्याने मिळू लागलं. १८५३ साली विष्णुदास भाव्यांच्या सांगलीकर मंडळीचे खेळ इथेच झाले आणि त्याच साली पारशी नाटक मंडळीही याच मंचावर उभी राहिली. साहेबाचा आळस आपल्या पथ्यावर पडला, एवढंच म्हणतो.

दुसरा पुंजका बोरीबंदरचा. कुंवरजी नाझर यांचं गेइटी १८७९ चं. सीएसएमटीसमोरचं कॅपिटॉल ते हेच. नॉव्हेल्टी १८८७ चं. ते जाऊन त्या जागी एक्सेलसियर आलं.

तिसरा पिला हाऊसचा, म्हणजे ग्रँट रोडजवळच्या थेटरवस्तीचा. रिपन थिएटर, पुढे त्याचं आल्फ्रेड झालं. आसपास रॉयल, गुलशन, न्यू रोशन.

आता जाणकारांना दोन प्रश्न. एक, उभी इमारत बघून ती मुळात नाटकासाठी बांधली की सिनेमासाठी, हे कसं ठरवायचं? दोन, एखाद्या जागेचा कागदोपत्री माग काढायचा तर पहिली खिडकी कुठली? "आजोबा सांगायचे" छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

लॅमिंग्टन

गेइटी म्हणजे वांद्र्याचं ना? गेइटी-गॅलेक्सी?

तिसरी घंटा

नाही. वांद्र्याचं गेइटी खूप नंतरचं, त्याचा या गेइटीशी काही संबंध नाही. हाच तो नावांचा घोळ. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं, त्यांनी पुढे जे गेइटी चालवलं ते बोरीबंदरचं. आंतरजालावर काही ठिकाणी त्यांना वांद्र्याला नेऊन बसवलंय.

पडद्यामागचा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर. समोरचा दर्शनी भाग बघून काही ठरवू नका. दर्शनी भाग दर वीस-तीस वर्षांनी बदलतो, त्यावर पत्रा, टाइल, फलक काय वाट्टेल ते चढतं. इमारतीला वळसा घालून मागे जा.

नाटकाच्या थेटराला मंचामागे भरपूर जागा लागते. पडदे वर ओढायचे तर मंचाच्या दर्शनी कमानीच्या वर जवळजवळ कमानीएवढीच मोकळी उंची लागते, म्हणून मागच्या बाजूचं छप्पर प्रेक्षागृहापेक्षा उंच असतं. गल्लीतून बघितलं तर मागे एक ठोकळा वर आलेला दिसतो. आपल्या मंडळ्यांचे रंगवलेले पडदे बहुतेक बांबूला गुंडाळून वर जायचे, त्यामुळे कमी उंचीवरही भागायचं. ठोकळा दिसला नाही म्हणजे नाटकाचं थेटर नव्हेच, असा उलटा निष्कर्ष काढू नका. दुसरी खूण मागचा रुंद दरवाजा, रस्त्यापासून छकड्याच्या पाट्याइतका उंच. पेट्या आणि देखावे थेट गाडीतून मंचावर सरकवायला. सिनेमाच्या थेटराला त्या दरवाजाचं काही काम नाही. रूपांतर झालेल्या थेटरात तो विटांनी बुजवलेला असतो, आणि बुजवलेल्या विटांची सांध कितीही गिलावा केला तरी पावसाळ्यात ओलीने उमटते.

आत गेलात तर बाल्कनीखाली बघा. ओतीव लोखंडाचे बारीक, गोल, पोकळ खांब असतील तर बांधकाम जुनं. खांबाआडची खुर्ची हे नाटकाच्या थेटराचं जुनं दुखणं. १९३० नंतर थेटरांत आरसीसी (लोखंडी सळयांचं काँक्रीट) रुळलं आणि बाल्कनी बिनखांबी पुढे काढता आली. १९३३ चं रीगल, १९३८ चं इरॉस आणि मेट्रो, १९४९ चं लिबर्टी ही सगळी सिनेमासाठीच बांधलेली. तिथे खांब मध्ये येत नाही.

प्रवेशद्वारं मोजा. नाटकाच्या थेटराला पिटातल्या (मंचासमोरच्या खालच्या जागेतल्या) स्वस्त तिकिटवाल्यांसाठी बाजूच्या बोळातून वेगळा रस्ता असे, मुख्य जिन्यावर त्यांची पावलं पडू नयेत म्हणून. बायकांसाठी वेगळा सज्जा, त्याला चिकाचे पडदे, त्याचा जिनाही वेगळा. सिनेमाच्या थेटराला बहुधा एकच मोठा दर्शनी दिवाणखाना आणि तिथून सगळे फाटे.

रूपांतराची खरी सही म्हणजे प्रोजेक्टरची केबिन. त्या काळची फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आणि त्याखालचे परवान्याचे नियम या आगीसाठीच. त्यामुळे केबिन विटांची किंवा काँक्रीटची, दार लोखंडी, आणि तिचा जिना प्रेक्षागृहातून न जाता बाहेरून. जुन्या दगडी इमारतीला मागच्या गॅलरीच्या उंचीवर लोखंडी गोल जिना चिकटवलेला दिसला तर तिथेच केबिन आहे असं समजा. प्रत्येक प्रोजेक्टरला दोन झरोके, एक किरणाला आणि एक ऑपरेटरच्या डोळ्याला. झरोक्यावर लोखंडी झडप तारेने टांगलेली. तारेत वितळणारा जोड असतो. केबिनमध्ये आग लागली की जोड वितळतो आणि झडप आपोआप खाली पडते.

छपरावर केबिनच्या बरोबर वर एक-दोन नळकांडी बघा. प्रोजेक्टरचा जुना दिवा कार्बन आर्कचा, म्हणजे जळत्या कार्बनच्या कांड्यांचा; त्याचा धूर बाहेर काढायला ती लागत. दिवा झेनॉनचा झाला, मग डिजिटल आलं, नळकांडी मात्र गंजत तिथेच.

लॅमिंग्टन

जबरदस्त. मग बोलपट आल्यावर या जुन्या थेटरांत आवाजाचं काय व्हायचं? गाणारा नट बिनमाइकचा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता म्हणतात.

पडद्यामागचा

पोचत होता तो त्याच कारणाने, ज्या कारणाने बोलपट तिथे घुमायला लागला. घोड्याच्या नालासारखी वळलेली बाल्कनी, लाकडी बॉक्स, मंचाखाली पोकळी. माणसाच्या एकट्या आवाजाला हे सगळं मदत करतं. लाउडस्पीकर मात्र पडद्यामागून एकाच जागेवरून जोरात आवाज टाकतो. बाल्कनीचा वळलेला कठडा तो आवाज गोळा करून परत मंचाकडे फेकतो आणि शब्द दुहेरी ऐकू येतो. उपाय म्हणून कठड्यावर दाबलेल्या भुशाच्या फळ्या, भिंतीवर गोणपाट आणि वर कापड. बॉक्स काढले, कारण बाजूच्या बॉक्समधून पडदा तिरका दिसतो आणि ती जागा विकली जात नाही. ऑपेरा हाऊसमधले बॉक्सही असेच सिनेमाच्या काळात झाकले गेले होते.

दुसरा त्रास चित्राचा. केबिन मागून जोडलेली, ती सगळ्यात वरच्या गॅलरीच्या पाठीशी बसते. प्रोजेक्टर खाली झुकवावा लागतो आणि चित्र खाली रुंद, वर अरुंद पडतं. ते झाकायला पडद्याची चौकट मागे कलवतात. कललेली चौकट दिसली की ओळखायचं.

मग १९५० च्या दशकात सिनेमास्कोप (रुंद पडद्याचा सिनेमा) आला आणि खरी मोडतोड झाली. हिशोब करा. नाटकाची कमान ३० फूट रुंद. जुन्या १.३७ प्रमाणाच्या (उंचीच्या १.३७ पट रुंद) चित्राला तिथे सुमारे २२ फूट उंची मिळते. स्कोपचं २.३५ धरलं तर त्याच ३० फुटांत उंची पावणेतेरा फूट. म्हणजे "भव्य पडदा" म्हणून जाहिरात करायची आणि चित्र आधीपेक्षा लहान! मालकांनी मग कमानीचे बाजूचे खांब फोडले, नक्षी काढली, किंवा कमानीच्या पुढेच नवी चौकट उभारली. त्या नव्या चौकटीमागे जुनी कमान शाबूत असायची शक्यता असते. दुरुस्तीवाल्यांनी तिथे आधी विजेरी मारून बघावं, हातोडा नंतर.

नांदी

पडदा-कमानीच्या गप्पांत माणसं राहून जातायत. ग्रँट रोडच्या पट्ट्यातली एक तारीख नोंदवून ठेवते: ८ जुलै १९२१, बालीवाला थिएटर, संयुक्त 'मानापमान'. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन चढाओढीच्या मंडळ्या, टिळक स्वराज्य फंडासाठी एका मंचावर. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले.

खुर्शीदजी बालीवाला हे पारशी रंगभूमीचे नट-मालक. पारशी मालकांची थेटरं, त्यात मराठी मंडळ्यांचे मुक्काम, ही व्यवस्था समजल्याशिवाय मुंबईतलं संगीत नाटक समजत नाही. मराठी मंडळ्या फिरत्या. आठवड्यातले ठरावीक वार ठरावीक भाड्याने घ्यायचे, बाकीचे वार पारशी-गुजराती कंपन्यांचे. त्यामुळे एकाच थेटराच्या जाहिराती मराठी आणि गुजराती दोन्ही वर्तमानपत्रांत शोधाव्या लागतात. नुसता मराठी फायलींवर भरवसा ठेवला तर निम्मे खेळ हातातून जातात.

मूकपटापासूनच्या तारखांतही एक गफलत नेहमी होते. 'राजा हरिश्चंद्र'चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपियात, आणि लोकांसाठी ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये. दोन तारखा, दोन थेटरं. 'आलम आरा' १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक, तेही गिरगावातच. मॅजेस्टिक पडलं, तिथे शॉपिंग सेंटर उभं राहिलं, नाव तेवढं उरलं. आणि त्याही आधीचा पहिला चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६, वॉटसन हॉटेलात. आठवड्याने, १४ जुलैपासून, तोच खेळ नॉव्हेल्टीत. म्हणजे "भारतातलं पहिलं सिनेमा थेटर" हा मान द्यायचाच तर नॉव्हेल्टीच्या प्लॉटचा विचार आधी करावा लागेल. वॉटसन हे हॉटेल होतं.

प्लॉट नंबर

आता दुसरा प्रश्न, कागदांचा.

पहिली खिडकी: सी. एस. नंबर, म्हणजे जमीन मोजणीतला (कॅडस्ट्रल सर्व्हे) प्लॉटचा नंबर. शहर भागात सी. एस., उपनगरात सी. टी. एस. नंबर आणि डिव्हिजन दोन्ही हवेत. "गिरगाव डिव्हिजन", "भुलेश्वर डिव्हिजन", "ताडदेव डिव्हिजन" असं. डिव्हिजनशिवाय नुसता नंबर घेऊन गेलात तर हात हलवत परत याल, कारण तोच नंबर प्रत्येक डिव्हिजनमध्ये असू शकतो. नंबर माहीत नसेल तर महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर प्लॉट शोधा, तिथे छापलेला असतो. मग नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक.

पत्रकावर क्षेत्रफळ, धारकांची नावं आणि फेरफार नोंदी क्रमाने मिळतात. पण सगळ्यात बोलका रकाना धारणा प्रकाराचा. मुंबई शहराच्या धारणा बाकी महाराष्ट्रापेक्षा निराळ्या: पेन्शन अँड टॅक्स, फोरास, टोका, इनाम, लीजहोल्ड. फोरास दिसलं तर ती बहुधा पाण्याखालची भरून काढलेली जमीन. फजिंदारी असेल तर जपून. तिथे जमिनीचा धनी एक आणि वरच्या इमारतीचा धनी दुसरा, मधे जमीनभाडं. पत्रकावर जमीनमालकाचं नाव वाचून "हे थेटर अमुक शेटने बांधलं" असं बरेच जण ठोकून देतात. त्या शेटने फक्त भाडं खाल्लेलं असतं.

दुसरी खिडकी महापालिकेचं करनिर्धारण खातं. गिरगाव-ग्रँट रोडला डी वॉर्ड, काळबादेवी-भुलेश्वरला सी, भायखळ्याला ई, परळला एफ दक्षिण. करपात्र मूल्य एका वर्षी एकदम उडी मारतं, ते वर्ष नव्या बांधकामाचं किंवा मोठ्या फेरबदलाचं.

तिसरी, जुने नकाशे. लॉटनच्या मोजणीचे, १८६५ ते १८७२ दरम्यानचे. त्यांत घर न् घर काढलेलं आहे. राज्य पुराभिलेखागार काळाघोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. जाताना जुनं रस्त्याचं नाव घेऊन जा, नवं तिथे चालत नाही:

ग्रँट रोड = मौलाना शौकत अली रोड
फॉकलंड रोड = पठ्ठे बापूराव मार्ग
लॅमिंग्टन रोड = डॉ. भडकमकर मार्ग
सँडहर्स्ट रोड = सरदार वल्लभभाई पटेल रोड
गिरगाव रोड = जगन्नाथ शंकरशेट मार्ग
गिरगाव बॅक रोड = विठ्ठलभाई पटेल रोड
प्रिन्सेस स्ट्रीट = शामळदास गांधी मार्ग
डिलाइल रोड = ना. म. जोशी मार्ग

शेवटचा परळवाल्यांसाठी. सँडहर्स्ट रोड नावाचं स्टेशन आणि सँडहर्स्ट रोड नावाचा रस्ता यांत गल्लत करू नका. रस्त्यावरचं कोरोनेशन शोधायला लोक हार्बर लाइनने स्टेशनवर उतरतात.

लालबागची गल्ली

परळ म्हटलं म्हणून येतो. गिरणगावातल्या जागांना वरचे निकष लावून काही हाती लागणार नाही. इथे थेटर म्हणजे मोकळी जागा आणि एक बोर्ड, म्हणजे फळ्यांचा मंच.

दामोदर हॉल हा अपवाद. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचा, १९२२ चा. गिरणी कामगारांसाठी मुद्दाम बांधलेला. कोकणातली नमनं, शक्ती-तुरा, दशावतार, सगळं या मंचावर आलं, कारण बघणारे चाकरमानी चालत येण्याच्या अंतरावर राहायचे. पाळी सुटली की जेवण, मग हॉल. २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी तो बंद झाला.

लालबागचं हनुमान थिएटर तमाशाचं. तमाशाला लागणारी जागा नाटकापेक्षा अगदी वेगळी. कमान नको, विंगा नकोत, वर ओढायचा पडदा नको. बोर्ड पुढे काढलेला, तीन बाजूंनी माणसं, मागे साथीदार उभे: ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. गण आणि गौळण होईपर्यंत मागचे प्रेक्षक आत येतच असतात, म्हणून दार बाजूला हवं, समोर नाही. फळ्यांखाली पोकळी हवी, नाहीतर घुंगरांचा आवाज मरतो. काँक्रीटच्या ओट्यावर लावणी घ्यायची म्हणजे पायाचे हाल आणि आवाजही बसका.

पठ्ठे बापूरावांचं नाव फॉकलंड रोडला दिलं हे वर आलंच. कलावंताचं नाव नेमक्या त्याच्या धंद्याच्या रस्त्याला मिळालेलं मुंबईत क्वचित.

लाल बावटा कलापथक १९४४ चं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर. यांचं थेटर म्हणजे चाळीचं आवार आणि मैदानं. बीडीडी चाळींत हे का जमायचं ते आराखडा बघून कळतं. तळमजला अधिक तीन, मजल्याला वीस खोल्या, मधून बोळ, खोली १६० चौरस फुटांची. वरळीला अशा १२१ इमारती होत्या, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. दोन इमारतींमधल्या पट्ट्यात बोर्ड टाकला की दोन्हीकडच्या खिडक्या म्हणजे बाल्कनी. चुन्या-विटांच्या चाळींसारखी यांना लाकडी गॅलरी नाही. ही आरसीसी, १९२० च्या दशकातली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची. लोक जुनी चाळ म्हटली की सरसकट सागवानी गॅलरी लिहून मोकळे होतात.

सिनेमात म्हणाल तर भारतमाता, गिरणीच्या जमिनीवरचं, मराठी चित्रपटांचं. आणि दादरचं कोहिनूर, जिथे १९७१ साली 'सोंगाड्या'वरून शिवसेना उतरली. पुढे त्या जागेचं नक्षत्र झालं.

चुना-सुरखी

इमारतींच्या तब्येतीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून थोडं. हे थेटरांना लागू, तसंच गिरगावातल्या कुठल्याही शंभर वर्षांच्या इमारतीला.

मुंबईचे दगड मुख्यतः तीन. काळा पाषाण पायाला आणि जोत्याला, पिवळसर मालाडचा किंवा कुर्ल्याचा भिंतीला, आणि पोरबंदरचा नरम चुनखडक नक्षीला. तिघांचं पाणी पिणं वेगवेगळं. त्यांना जोडणारा चुना नरम असतो आणि तो मुद्दामच नरम असतो. भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दर्जांतून (दगडांमधल्या भरलेल्या फटींतून) बाहेर पडते. तुम्ही दर्ज सिमेंटने भरली की ओलीची वाट बंद. मग ती दगडातून बाहेर पडते, क्षार दगडाच्या कातडीखाली साठून फुगतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत मालाडच्या दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. दर्जेतलं सिमेंट शाबूत आणि भोवतालचा दगड आत गेलेला, असं दिसलं तर दोष दगडाचा नाही.

जुना मसाला चुन्याचा की सिमेंटचा, हे बघायला किल्लीने खरवडा. चुना पांढरट भुगा देतो, त्यात न विरघळलेल्या चुनकळीचे दाणे, कधी शिंपल्यांचे तुकडे. सिमेंट करडं आणि किल्ली घसरते. लिंबाचा रस टाकून फसफस बघायची युक्ती इथे फसवते, दोन्ही फसफसतात.

दर्ज भरताना रुंदीच्या दुप्पट खोल, निदान पाऊण ते एक इंच, हाताच्या छिन्नीने मोकळी करायची. ग्राइंडर नको, तो दगडाच्या कडा खातो. ब्रशने धूळ काढून पाणी मारायचं. मसाला एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटेची पूड), एक भाग धुतलेली वाळू. चुना निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला असावा. कच्चा राहिला तर भिंतीत गेल्यावर फुगतो आणि बारीक खड्डे उडतात. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा घालायची पद्धत आहे. प्रमाण हातचं राखून ठेवा, गूळ जास्त झाला तर मसाला लवकर आवळत नाही आणि मुंग्या लागतात. भरल्यावर ओलं गोणपाट आठ-दहा दिवस. सुरखी विकत घेताना ती खरंच भाजलेल्या विटेची आहे ना ते बघा. रंग घातलेली माती सर्रास खपवतात.

दुसरं, गच्ची. जुनी गच्ची म्हणजे तुळया, वर लादी, त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा. गळायला लागली की कंत्राटदार जुना कोबा न काढता वर नवा टाकतो. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो. दोन-तीन वेळा असं झालं की खालच्या तुळयांवर चौरस मीटरला अर्धा टन. गळती थांबत नाहीच, कारण पाणी मूळ पन्हळीच्या तोंडाशी अडतं, जिची पातळी आता कोब्याखाली गेलेली असते.

तिसरं, तुळईची टोकं. मधला भाग ठणठणीत दिसतो, कुजतं ते भिंतीत शिरलेलं टोक, कारण तिथे हवा नाही. हातोडीने भिंतीपासून वीतभर अंतरावर ठोका, आवाज बद्द आला तर बारीक पेचकस टोचून बघा. तो सहज रुतला तर आधी टेकू, मग बाकी चर्चा. लोखंडी तुळई असेल तर गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि वरची विटांची कमान उचलतो. छताला तुळईच्या रेषेत सरळ तडा दिसतो तो त्याचा. त्या तड्यात पुट्टी भरून रंग काढला की सहा महिने सुखाचे जातात.

ओतीव लोखंडाच्या खांबाला वेल्डिंग करू देऊ नका. ते ठिसूळ असतं, उष्णतेने चिरतं. पट्टा बोल्टने आवळायचा.

पागडी

चुना-सुरखी यांचं पटलं, पण हे करणार कोण? उपकरप्राप्त (दुरुस्तीचा सेस भरणाऱ्या जुन्या) इमारतीत भाडेकरू म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जातो, मंडळाची दुरुस्ती खर्चाच्या कमाल मर्यादेत बसवावी लागते, आणि त्या रकमेत सुरखी-हिरडा येत नाही. सिमेंट येतं.

चुना-सुरखी

येत नाही हे खरं. मग निदान दर्शनी दगडाला हात लावू नका आणि गच्चीचा जुना कोबा काढायची अट निविदेत घालून घ्या. ढिगारा खाली उतरवण्याचा खर्च वेगळा लिहावा लागतो. तो लिहिला नाही की कोबा वरच राहतो. इमारत वारसा यादीत असेल तर श्रेणी बघा, पहिली, दुसरी अ, दुसरी ब, तिसरी. श्रेणीप्रमाणे वारसा समितीची परवानगी लागते, आणि ती लागते म्हटल्यावर कंत्राटदार थोडा सावध होतो.

लॅमिंग्टन

ऑपेरा हाऊस मात्र छान झालं. हे सगळं तिथे पाळलं असणार.

पडद्यामागचा

झालं ते मालक संस्थानिक होते म्हणून आणि त्यांनी घाई केली नाही म्हणून. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. बांधणारे दोघे, कलकत्त्याचे मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी कराका. नंतर सिनेमा, मग गोंडलच्या महाराजांकडे, १९९३ मध्ये बंद, ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा सुरू. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा. तिथे सिनेमाच्या काळातला थर काढून खालचा मूळ थर वर आणला. पण हे सगळीकडे करावं असं मला वाटत नाही. आल्फ्रेडसारख्या ठिकाणी सिनेमाचा थर हाच त्या जागेचा मोठा इतिहास आहे. तिथली केबिन काढून टाकून १८८० च्या दशकातला मंच उभा केला तर ते नाटक होईल, जतन नव्हे.

नांदी

सहमत. शिवाय जुन्या रंगाचा पुरावा नसताना "मूळ" म्हणून काहीही उभं करतात.

तिसरी घंटा

प्लॉट नंबर, एक अडचण. पिला हाऊसच्या मागच्या बोळातल्या एका इमारतीवर गुजरातीत कोरलेली शिळा आहे. साल १२५० च्या घरातलं वाचता येतं. हिजरी म्हणावं तर नाव पारशी आहे.

प्लॉट नंबर

पारशी नाव असेल तर यज्दगर्दी, म्हणजे पारशी सन, धरा आणि त्यात ६३० मिळवा. १२५० म्हणजे १८८०-८१. पारशी नवं वर्ष त्या काळी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास बदलायचं, म्हणून शिळेवर 'रोज' (दिवस) आणि 'माह' (महिना) कोरलेले असतील तर तेही उतरवून घ्या. माह जानेवारीपासून पुढचा निघाला तर ६३१. हिजरी १२५० म्हणजे १८३४-३५. तेव्हा ग्रँट रोडच नव्हता, त्यामुळे तो पर्याय तसाही बाद. शेजारी गुजराती संवत असेल तर दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६ वजा. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडवा ७९. दोन्ही गणितं एकाच इसवी सनाला भिडली तरच साल पक्कं धरा.

फोटो काढताना शिळेवर चुना किंवा पाणी मारू नका. संध्याकाळी विजेरी अगदी बाजूने, भिंतीला समांतर धरा, अक्षरांच्या सावल्या पडतात आणि बुजलेला आकडाही वाचता येतो. आणि शिळा मूळ जागेवरचीच आहे का, ते तिच्या भोवतालच्या फटींतला मसाला बघून ठरवा. शिळेभोवती सिमेंट आणि बाकी भिंत चुन्याची असेल, तर ती दुसरीकडून आणून बसवलेली असू शकते. तसं असेल तर आधी सी. एस. नंबर पाठवा, पत्रकावरच्या नोंदी बघून पुढचं ठरवू.